चौकटीला सागवान घ्यावं की साल? कोल्हापुरात घर बांधताना

जोतं झालं की गवंडी विचारायला लागतो, "चौकटी कधी येणार?" मग दोन दिवसांत लाकूड ठरवायची धावपळ होते. वखारीत जाऊन जे दिसेल ते उचललं जातं आणि पुढच्या जूनमध्ये दारं घासायला लागतात. म्हणून चौकटीच्या लाकडाचा विचार पायाच्या खोदाईबरोबरच सुरू करा. घेतलेला माल सावलीत, खाली ठोकळे आणि मध्ये पट्ट्या देऊन रचून ठेवला तर तोवर थोडाफार वाळतोही.

आपल्याकडे पर्याय मुख्यतः दोन: सागवान किंवा मलेशियन साल. गावाकडे शेत असेल तर तिसरा, बांधावरचा साग. माझं मत आधीच सांगून टाकतो. मुख्य दार आणि पश्चिमेकडून पावसाचा मारा बसणाऱ्या चौकटी सागवानाच्या कराव्यात, आतल्या खोल्यांना साल पुरतो आणि बाथरूमला लाकूडच नको. अख्ख्या घराला एकच लाकूड लावायचा हट्ट खिशाला परवडत नाही आणि त्याची गरजही नसते.

सागवानाचा खरा गुण ताकदीत नाही. ताकदीला आपल्याकडचा देशी साल त्याच्या वरचढ आहे. सागवान फुगत-आकसत कमी, हे त्याचं मोल. कोल्हापूरच्या हवेत ते कामाला येतं, कारण इथे एप्रिलचं कोरडं ऊन आणि जुलैची चिंब हवा यांत तीनच महिन्यांचं अंतर आहे. कुठलंही लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, ते हलतं रुंदीत आणि जाडीत. सागाचं हे हलणं कमी, त्यात अंगचं तेल, त्यामुळे पाणी सहज मुरत नाही आणि वाळवीही सहसा तोंड लावत नाही. पण हे सगळं गाभ्याबद्दल. कडेचा पांढरट पट्टा सागाचा असला तरी कच्चाच, त्याला वाळवीही लागते आणि भुंगाही. "साग आहे, काही होत नाही," असं वखारवाला म्हणाला तर आधी फळीचं टोक बघा. पिवळसर-तपकिरी गाभ्याच्या कडेला फिकट पट्टा किती आहे ते तिथे स्वच्छ दिसतं. गेरू किंवा पॉलिश फासलेला माल असेल तर रंधा मारून दाखवायला सांगा. खऱ्या सागाच्या ताज्या भुशाला तेलकट, चामड्यासारखा वास येतो.

सागातही प्रती आहेत. चंद्रपूरकडच्या बल्लारशा सागाचं नाव मोठं, अयोध्येच्या मंदिरासाठीही तिथूनच लाकूड गेलं. आपल्याला जवळचा म्हणजे दांडेलीचा. परदेशातून येणारा लागवडीचा साग स्वस्त पडतो, पण तो बहुधा कमी वयाच्या झाडांचा असतो, म्हणजे त्यात पांढरा भाग जास्त. निवडून घेतला तर आतल्या दारांना चालतो.

आता साल. मलेशियन साल म्हणून जो माल मिळतो तो एकाच झाडाचा नसतो. सालाच्याच वंशातल्या बऱ्याच जाती या नावाखाली येतात, त्यामुळे एकाच गठ्ठ्यात हलकं आणि जड लाकूड सापडतं. उचलून बघा, जड आणि गडद रंगाचं ते घ्या. दरात सागवानापेक्षा खूपच खाली असल्याने बिल्डर मंडळी हेच लावतात. ओलं लावलं तर मात्र पीळ खातं आणि तडकतं. खिळा सरळ ठोकायला गेलात तर चीर पडते, आधी ड्रिलने भोक पाडावं लागतं. मेस्त्री लोक त्यावर कुरकुरतात ती उगीच नाही.

हिशोब कसा करायचा तेही बघून घ्या. सात फूट उंच, साडेतीन फूट रुंद चौकट उंबऱ्यासह धरली तर एकूण 21 फूट लांबीचं लाकूड लागतं. जाडी 5 × 3 इंच धरा. 21 × 5 × 3 भागिले 144 (एका चौरस फुटात इतके चौरस इंच), म्हणजे सुमारे 2.2 घनफूट. उंबरा नसेल तर 1.8. सागवानाची ही चौकट 40 किलोच्या आसपास भरते, मलेशियन नव्हे, देशी साल असेल तर 50 च्या वर. दर मात्र करवतून काढलेल्या मापावर लागतो. रंधा मारल्यावर पाच इंचाचे पावणेपाच राहतात, त्यावरून सुताराशी भांडू नका.

लाकूड कुठलंही घ्या, ते सडतं पायाशी. अंबाबाईच्या देवळातल्या लाकडी गरुड मंडपाचे खांबही खालूनच कमकुवत झाले आणि मंडप उतरवून नव्याने उभारायचं काम काढावं लागलं. म्हणून चौकटीचे पाय फरशीत गाडू नका, ग्रॅनाइटच्या तुकड्यावर टेकवा. भिंतीकडच्या बाजूला डांबर किंवा प्रायमर द्या. जमिनीला वाळवीचं औषध जोत्याच्या वेळीच मारून घ्या, नंतर फरशी फोडावी लागते.

बाथरूमला ग्रॅनाइटची चौकट आणि डब्ल्यूपीसीचं (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेलं) दार, यावर फार विचार करायला नको. आतल्या दारांना फ्लश डोअर, म्हणजे दोन्ही बाजूंनी सपाट प्लायचं तयार दार, पुरतं. प्लायवूड घेताना शिक्का बघा: साध्या कपाटाला आयएस 303 (सर्वसाधारण वापराचं प्लाय) चालतं, सिंकखालच्या कपाटाला आयएस 710 (पाण्यात टिकणारं मरीन प्लाय). खिडक्यांना आता अ‍ॅल्युमिनियम किंवा यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिक. लाकडी खिडकी हौसेची गोष्ट, आणि दर दोन-तीन वर्षांनी ऑइलपेंट मारायची तयारी असेल तरच.

राहिला बांधावरचा साग. राधानगरी-पन्हाळ्याकडे बऱ्याच जणांचा हा हिशोब असतो की झाड घरचं आहे, लाकूड फुकट. पण वीसेक वर्षांच्या झाडाच्या ओंडक्यात गाभा मनगटाएवढा निघाला तर पाच इंची चौकट त्यातून कुठली निघणार? कंबरेएवढ्या घेराचं जुनं झाड असेल तरच हात घाला. तोडल्यावर कापून काही महिने वाळवावं लागतं, म्हणजे हे काम बांधकामाच्या आधीच्या हिवाळ्यात व्हायला हवं. शिवाय झाड स्वतःच्या रानातलं असलं तरी साग तोडायला 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते आणि माल हलवायला वन विभागाचा वाहतूक परवाना. ट्रॅक्टर बोलवायच्या आधी हे दोन्ही कागद हातात ठेवा, सॉ मिलवाला ओंडका उतरवायच्या आधी तेच मागतो.