डोळ्याची नस सुजली की ओसीटी: यंत्राला साडेचार तारे, कागदाला अडीच

खानापूर किंवा निपाणीहून सकाळची बस धरायची, बेळगावात ओसीटी (डोळ्याच्या मागच्या पडद्याचा प्रकाशाने काढलेला स्कॅन) करायची आणि रंगीत कागद घेऊन संध्याकाळपर्यंत घरी, हे आता सहज जमतं. एका डोळ्याला अचानक अंधुक दिसतंय, डोळा फिरवला की दुखतंय, लाल रंग फिका वाटतोय, अशा वेळी डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस सुजल्याचा संशय असतो, आणि रुग्णाला ही तपासणी हमखास लिहून देतात. तपासणी उत्तमच आहे. तक्रार आहे ती हातात पडणाऱ्या एका पानाबद्दल.

यंत्र डोळ्यात अवरक्त प्रकाश सोडून पडद्याचे थर 5 ते 7 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारकाव्याने दाखवतं. सुई नाही, एक्स-रे नाही, एका डोळ्याला काही सेकंद. नसेच्या तोंडाभोवती (डिस्कभोवती) सुमारे साडेतीन मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर तंतूंच्या थराची जाडी मोजतात, ती रिपोर्टवर ‘आरएनएफएल’. पडद्याच्या मध्यभागी (मॅक्युलात) गँगलियन पेशींचा, म्हणजे ज्यांचे तंतू मिळून नस बनते त्या पेशींचा, थर मोजतात, तो ‘जीसीआयपीएल’ किंवा ‘जीसीसी’. नसेच्या आजारात दोन्ही लागतात. पण नुसतं ‘ओसीटी मॅक्युला’ लिहिलं की बऱ्याचदा मधुमेहवाल्यांचा नेहमीचा स्कॅन निघतो आणि त्यात पेशीथराचा आकडाच नसतो. चिठ्ठीवर ‘डिस्क आणि गँगलियन सेल, दोन्ही डोळे’ असं स्पष्ट लिहून घ्या.

आता तो कागद वाचू. समजा पहिल्या आठवड्यात उजव्या डोळ्याचा आरएनएफएल 148 मायक्रॉन, डाव्याचा 97. उजवी नस सुजलीय, इथवर सरळ. सहा आठवड्यांनी उजवा 98 येतो, कागद हिरवागार (हिरवा म्हणजे नॉर्मल, लाल म्हणजे पातळ), आणि घरचे म्हणतात, ‘झालं बरं.’ इथंच फसगत होते. सूज उतरताना आणि तंतू मरताना आकडा मध्येच ‘नॉर्मल’वरून जातो. त्याच कागदावर गँगलियन थर 82 वरून 70 वर आलेला असतो, तो कुणी पाहत नाही. हा थर सुजेने फुगत नाही आणि महिन्याभरातच पातळ होऊ लागतो, म्हणून खरा हिशेब तोच सांगतो. नसेच्या सुजेच्या 2022 च्या निदान-निकषांत दोन डोळ्यांमधला फरक धरलाय: लक्षणं सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत पेशीथरात 4 मायक्रॉनहून जास्त, तंतूंच्या थरात 5 हून जास्त. म्हणजे हिरवा-लाल रंग सोडा, डावं-उजवं ताडून बघा.

कारण कळतं का? थेट नाही, पण दिशा मिळते. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण खराब करणारा आजार) सुजेत सहसा एकच डोळा असतो, आणि नस बहुधा मागे सुजते, त्यामुळे फंडस फोटो (पडद्याचा फोटो) साफ येऊ शकतो. नसेचं तोंड भरपूर फुगलेलं, त्यातही दोन्हीकडे, तर मॉग अँटिबॉडीचा (शरीराने स्वतःच्याच नसेविरुद्ध बनवलेल्या प्रथिनाचा) संशय. नजर फारच खाली गेली, परतली नाही आणि थर खूप पातळ झाला, तर संशय अशाच दुसऱ्या अँटिबॉडीचा, तिचं नाव अ‍ॅक्वापोरिन-4. या दोन्हींचा निकाल रक्ताच्या तपासणीत लागतो, ओसीटीत नाही. मध्यभागी पाणी साठलं आणि एक-दोन आठवड्यांनी चांदणीसारखे पिवळे ठिपके उमटले, तर ते न्यूरोरेटिनायटिस: मांजराच्या ओरखड्यातून होणारा बार्टोनेला जंतूचा संसर्ग, सिफिलिस यांचा शोध घ्यायचा, रक्तदाबही मोजायचा. टीबीसाठी इथॅम्ब्युटॉल चालू असेल तर ते आधी सांगा. त्या औषधाने नसेला होते ती विषबाधा असते, सूज नव्हे. तंबाखूनेही नसेला इजा होऊ शकते, म्हणून निपाणी भागात त्याची चौकशीही वेळ वाया घालवणारी नाही.

सेवेतला सगळ्यात मोठा दोष तपासण्यांच्या क्रमाचा. आल्या आल्या बाहुली मोठी करायचे थेंब घालतात. त्याआधी टॉर्चने दोन्ही बाहुल्या आळीपाळीने तपासायला हव्यात. एकाच नसेत दोष असेल तर तो तिथंच सापडतो आणि थेंबानंतर ती खूण काही तास गेलीच. रंग ओळखण्याची तपासणीही थेंबांआधी.

सिग्नलचा (स्कॅन किती स्पष्ट आला याचा) आकडा कागदावर बघा. सिरस या कंपनी-मॉडेलच्या यंत्रावर तो 10 पैकी 6 च्या खाली असेल तर पुन्हा काढायला सांगा. डोळा कोरडा, मोतीबिंदू किंवा पापणी मिटली की थर खोटाच पातळ दिसतो. पुढचा स्कॅन त्याच कंपनीच्या यंत्रावर. मिरजेला स्पेक्ट्रालिस आणि बेळगावात सिरस असे आकडे शेजारी ठेवून काही अर्थ निघत नाही. जाड मायनस नंबरवाल्यांना विनाकारण लाल पट्टा येतो. मुलांसाठी बहुतेक यंत्रांत तुलनेचे आकडेच नाहीत. कागदासोबत मूळ आडवे छेदही मागा. थराची रेघ संगणकाने चुकीच्या जागी ओढलीय का, ते त्यातच दिसतं.

दोन्ही नसा सुजल्यात आणि डोकं दुखतंय, तर ओसीटीची तारीख न बघता त्याच दिवशी मेंदूचा स्कॅन. आणि ‘रिपोर्ट येईपर्यंत’ म्हणून नेहमीच्या मात्रेत स्टेरॉईडच्या नुसत्या गोळ्या सुरू करू नका: अमेरिकेतल्या 1992 च्या मोठ्या चाचणीत अशा गोळ्यांनी सूज परत येण्याचं प्रमाण वाढलं होतं. लागलं तर शिरेतून रोज 1 ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन, तीन दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.