कॅराव्हॅन, आठ महिन्यांनंतर: जळगाव ते सुरत-डहाणू किनारा

खानदेशातला माणूस समुद्र म्हटलं की अलिबाग-गणपतीपुळ्याचं नाव घेतो. पण आपल्याला जवळचा समुद्र सुरतेचा. धुळ्याहून सव्वादोनशे किलोमीटर, जळगावहून तीनशेच्या थोडं वर, आणि मध्ये घाट तो कोंडाईबारीचा एकच. ही कॅराव्हॅन, म्हणजे झोपण्या-रांधण्याची सोय असलेली व्हॅन, त्याच किनाऱ्यासाठी घेतली. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत पाच फेऱ्या आणि सुमारे ५,००० किमी झाले. डुमस, दांडी, तिथल, उदवाडा, दमण, बोर्डी, डहाणू असा टप्पा, दर वेळी चार माणसं, त्यांत दोन सत्तरीपुढची.

गाडी डिझेल मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेली आहे. चार झोपायच्या जागा, ८० लिटर गोड्या पाण्याची टाकी, ६० लिटर सांडपाण्याची, १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवर लिथियम बॅटरी, छतावर ३६० वॉटचे सोलर, ५० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज, कॅसेट टॉयलेट (मैल्याची टाकी, म्हणजे कॅसेट, ओढून काढून रिकामी करायचं) आणि छतावरचा एसी. डिझेल लिटरला नऊ किलोमीटर. घेण्याआधी आरसीवर ‘मोटार कॅराव्हॅन’ अशी नोंद आहे ना, ते बघा. साध्या प्रवासी गाडीत पलंग-ओटा ठोकून दिलेली गाडी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकते आणि विम्याच्या वेळी तोंडघशी पाडते.

लोक आधी बेडची लांबी विचारतात. बेड ठीक आहेत. सहल किती दिवस चालेल ते पाणी आणि ऊन ठरवतं.

८० लिटर पाणी चौघांना दीड दिवस पुरतं, तेही बटण दाबलं तरच पाणी येईल असा शॉवर लावून आणि आंघोळ माणशी दहा-बारा लिटरांत उरकून. किनाऱ्यावरच्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी मचूळ असतं. ते टाकीत गेलं की चहाही मचूळ आणि पंपाच्या व्हॉल्व्हवर क्षार. म्हणून टाकी वाटेत व्यारा किंवा बारडोलीलाच भरून घ्यायची. त्यासाठी १५ मीटर पाइप आणि अर्ध्या व पाऊण इंची नळाचे दोन जोड जवळ हवेत. पंप नळ बंद असताना अधूनमधून आपोआप घरघरला तर कुठेतरी थेंब गळतोय असं समजा. आमच्याकडे असं दोनदा झालं, दोन्ही वेळा सिंकखालचा क्लिप ढिला निघाला. पंप चालतोय पण धार बारीक झाली, तर आधी जाळी उघडून वाळू काढा, पंपाला नंतर दोष द्या.

पायाची वाळू धुवायला टाकीचं पाणी खर्चू नका. शेतीचा हातपंपाचा फवारा, नवा कोरा, कधीच औषध न भरलेला, दहा लिटर पाणी घालून दाराशी ठेवायचा. चौघांचे पाय दोन लिटरांत स्वच्छ. एवढी स्वस्त आणि कामाची वस्तू अख्ख्या गाडीत दुसरी नाही.

टॉयलेटची कॅसेट १८ लिटरची. चौघांत दीड दिवसात भरते. ती रिकामी करायची सोय या पट्ट्यात कुठेच तयार मिळाली नाही. लॉज किंवा धर्मशाळेत विचारून त्यांच्या संडासात सावकाश ओतावी लागते. त्यामुळे फॉर्मॅलिनवालं औषध वापरू नका, त्याने सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात आणि पुढच्या वेळी कोणी दारात उभं करत नाही. एन्झाइमवालं घ्या. वास येऊ लागला तर बहुतेक वेळा कारण सीलवर अडकलेला वाळूचा कण असतं. ओल्या फडक्याने पुसून सिलिकॉन स्प्रे मारा. खायचं तेल लावलं तर रबर फुगतं आणि झडप अडकते.

आता वीज. हिवाळ्यात फ्रिज, पंखा, दिवे, मोबाइल मिळून दिवसाला ०.८ युनिट लागतं आणि सोलर ते सहज भरून काढतं. मेमध्ये नुसता फ्रिजच दुप्पट ओढतो. एसी ९०० वॉटचा, म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी जेमतेम दोन तास. जाहिरातीत ‘रात्रभर एसी’ लिहिलेलं असतं, ते बाहेरून वीज घेतल्यावर. आणि सोलर हवं तर गाडी उन्हात, माणसं गार हवी तर गाडी सावलीत! बोर्डीच्या सुरूच्या सावलीत दुपार छान जाते, बॅटरी मात्र तशीच राहते. चालत्या गाडीतून चार्ज करणारा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर आहे म्हणून निभावतं; धुळे ते सुरत पाच तासांत दीडशे अँपिअर-अवर परत भरतात.

बाहेरून वीज घेताना २.५ चौरस मिलिमीटरची २५ मीटर केबल पूर्ण उलगडून टाका. गुंडाळी तशीच ठेवून एसी लावला तर केबल तापून मऊ पडते. सॉकेटला अर्थिंग आहे का ते छोट्या टेस्टरने तपासा. अर्थिंग नसेल तर खाऱ्या दमट हवेत दाराच्या कडीला झिणझिण्या येतात. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) नसलेली गाडी घेऊच नका.

सगळ्यांत मोठी चूक बनवणाऱ्याने इन्व्हर्टर सीटखाली बंद खोक्यात घालून केली होती. एप्रिलमध्ये जळगावात उन्हात उभ्या गाडीत तो वीस मिनिटांत तापून बंद पडायचा. चार इंची दोन जाळ्या आणि एक छोटा १२ व्होल्टचा पंखा बसवल्यावर त्रास संपला. घेताना खोकं उघडून दाखवायला सांगा.

घाटात दुसरं-तिसरं गिअर, आणि निघण्याआधी फ्रिजच्या दाराला पट्टा. ड्रॉवरची पुश-बटणं विसरवाडीच्या खड्ड्यांत उघडतात. साध्या लोखंडी कड्या बऱ्या.

स्वयंपाकाला पाच किलोचा सिलिंडर. त्याच्या कप्प्याला भोक तळाशी हवं, कारण गॅस हवेपेक्षा जड असतो. शेवभाजी होते, कळण्याची भाकरीही होते. भरीत मात्र गाडीत करायचं नाही. वांगी घरूनच भाजून, सोलून, डब्यात. बिबड्या आणि पापड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, समुद्राच्या हवेत एका रात्रीत सादळतात.

या किनाऱ्यावर भरती-ओहोटीचा पल्ला फार मोठा. डुमसला ओहोटीला काळा चिखल दूरवर उघडा पडतो, आणि पाणी परत येतं ते झपाट्याने. गाडी वाळूवर उतरवायचीच नाही, दहा फूटसुद्धा नाही. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते: पंचमीला पावणेचार, पौर्णिमेला सव्वाअकरा. सुरतेकडे तीच भरती काही तास उशिरा येते, म्हणून तो हिशेब इथे लावू नका, भरतीचं कोष्टक बघा. उधाणाचे दिवस टाळा.

ज्यांनी हा समुद्र लहानपणी शाळेच्या सहलीत किंवा भुसावळ-सुरत पॅसेंजरने येऊन पाहिला, त्यांना घेऊन जायला ही गाडी खरी उपयोगाची. पण दाराची पहिली पायरी जमिनीपासून दीड फूट आहे. मध्ये ठेवायला आठ इंची स्टूल आणि दाराला उभा दांडा लावून घेतला, तेव्हा कुठे म्हातारी माणसं दिवसातून सहा वेळा विनातक्रार चढू-उतरू लागली. नवापूर स्टेशनवर अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत असलेलं बाकडं आहे, तिथे अर्धा तास ठेवा. डुमसला टोमॅटोची भजी, आणि जवळच आपली तापी समुद्राला मिळते ते. दांडीला सैफी व्हिला, म्हणजे दांडीयात्रेत गांधीजी उतरले ते घर, तसाच आहे, पण २०१९ साली उघडलेल्या मिठाच्या सत्याग्रहाच्या स्मारकामुळे आजूबाजूचं काही ओळखू येत नाही; आधीच सांगून ठेवा, नाहीतर “हे ते नव्हेच” सुरू होतं. उदवाड्यात पारशी नसलेल्यांना अग्यारीत प्रवेश नाही, गल्ल्याही अरुंद. व्हॅन गावाबाहेर लावून चालत जा; जुनी घरं बाहेरूनच बघायची.

गुजरातेतल्या दारूबंदीमुळे नवापूरच्या सीमेवर आणि दमणहून परतताना तपासणी होते. गाडीत बाटली नको, रिकामीसुद्धा.

परत आल्यावर चॅसी खालून गोड्या पाण्याने धुणं त्याच दिवशी. सरकत्या दाराची खालची पट्टी ब्रशने झाडून कोरडं सिलिकॉन. ग्रीस लावलं तर वाळू चिकटून खरवड होते. बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली. सोलरच्या काचेवर मिठाचा पापुद्रा बसतो, तो ओल्या कापडाने. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर आळस झाला, तेवढ्यात पायरीचे नट लाल पडले.

जूनपासून गाडी उभी आहे. टाक्या रिकाम्या, नळ उघडे, बॅटरी साठ टक्क्यांवर, टायर नेहमीपेक्षा पाच पौंड जास्त. आणि वायरी जिथून आत येतात त्या भोकांत स्टीलचा चोथा कोंबून ठेवलाय, उंदरांसाठी.