गावच्या कलेसाठी पैसा कुठून उभारावा? ग्रामीण विदर्भातील चार मार्गांचा तुलनात्मक आढावा

गावातील दंडारीचा, म्हणजे नाच-गाण्यांच्या लोकनाट्याचा, संच पुन्हा उभा करायचा, मुलींसाठी कोजागिरीपर्यंत चालणारा भुलाबाईच्या गाण्यांचा उपक्रम घ्यायचा किंवा तरुणांचे नाटक बसवायचे, असे ग्रामीण विदर्भातील एखाद्या मंडळाने ठरवले की त्याच्यापुढे साधारणपणे चार वाटा असतात. लोकवर्गणी व तिकीटविक्री ही पहिली, ग्रामसभा व ग्रामपंचायत ही दुसरी, शासकीय सांस्कृतिक अनुदान ही तिसरी आणि कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी, ज्याला सगळे सीएसआर म्हणतात, ही चौथी. केवळ रकमेवरून त्यांची तुलना केली तर निर्णय चुकण्याची शक्यता मोठी असते. पैसा कोणत्या महिन्यात हाती पडतो, कार्यक्रमाचा विषय कोण ठरवतो आणि हिशेब कोणासमोर मांडावा लागतो, हे तीन प्रश्न प्रत्येक वाटेला विचारावेत.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्या तालुक्यात नाट्यगृह नाही आणि ज्याच्या नावावर शासकीय महोत्सवांची नोंद नाही, तो तालुका कागदावर सांस्कृतिकदृष्ट्या मागासलेला दिसतो. परंतु गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत दिवाळीनंतर होळीपर्यंत झाडीपट्टीची, म्हणजे याच पट्ट्यातील व्यावसायिक रंगभूमीची, नाटके रात्रभर चालतात आणि त्यांना आसपासच्या गावांतून माणसे येतात. तेथे सहभाग कमी आहे असे सरसकट म्हणता येत नाही. कोणाचा सहभाग कमी आहे, हे विचारावे लागते. नाटक पाहायला आलेली बाई गावच्या मंडळाच्या बैठकीत असते का आणि वस्तीतील भीमगीते गाणाऱ्या मुलांना गावच्या मंचावर जागा मिळते का, यावरून निधीची खरी गरज कुठे आहे ते कळते.

लोकवर्गणी आणि तिकीटविक्रीचा मार्ग सर्वांत जुना आहे आणि माझ्या मते पूर्व विदर्भात तो आजही सर्वांत बळकट आहे. गावातील मंडळ देसाईगंज, म्हणजे वडसा, येथील नाट्यकंपनीशी प्रयोगाचा ठराव करते, मंडप उभारते, तिकिटे विकते आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम स्वतःकडे ठेवते. धान घरात आलेले असते, मंडईची जत्रा आणि शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, यांच्या निमित्ताने पाहुणे गावात असतात, आणि म्हणून पैसा नेमका लागतो त्याच वेळी उपलब्ध होतो. कोणते नाटक आणायचे हे गाव ठरवते व हिशेबही गावालाच द्यावा लागतो. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्यासारख्या कलावंतांना वर्षानुवर्षे उभे ठेवण्यात अशा प्रेक्षकाने काढलेल्या तिकिटाचा वाटा फार मोठा आहे. मोठ्या उत्सवासाठी वर्गणी जमवायची असेल आणि मंडळ नोंदणीकृत नसेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क अन्वये धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. एवढी एक औपचारिकता सोडली तर हा मार्ग मोकळा आहे.

मात्र त्याच्या मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. अवकाळी पावसाने धान किंवा कापूस गेला की त्या वर्षीची वर्गणी आटते. शिवाय ज्या कलेचे तिकीट लागत नाही तिच्यासाठी हा मार्ग फारसा उपयोगी पडत नाही. पोळ्याला म्हटल्या जाणाऱ्या झडत्या, भुलाबाईची गाणी, खंजिरी भजन शिकवण्याचे वर्ग किंवा दंडारीचा दोन-दोन महिने चालणारा सराव यांना कोणी तिकीट काढून येत नाही. त्याहून गंभीर मर्यादा अशी की वर्गणी ज्याची मोठी, त्याचा शब्दही मोठा होतो. गावाने ठरवले असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा गावातील चार-पाच घरांनी ठरवलेले असते, आणि मजुरी करणाऱ्या कुटुंबांची गाणी त्या वर्गणीतून कधी मंचावर येत नाहीत. पैसा लोकांचा आहे एवढ्यावरून उपक्रम लोकांचा ठरत नाही.

दुसरा मार्ग ग्रामसभेचा आहे. त्याचा विचार सर्वांत कमी मंडळे करतात, म्हणून येथे थोडे अधिक थांबणे योग्य होईल. संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय दिलेले आहेत. त्यांत ग्रंथालये हा विसावा आणि सांस्कृतिक कार्य हा एकविसावा विषय आहे. त्यामुळे ग्रामपंचायत विकास आराखड्यात कलेसाठी मागणी करणे ही मेहरबानीची याचना नसून आराखड्याच्या चौकटीतील मागणी आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दिलेल्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठी बंधित आणि ४० टक्के अबंधित होती, आणि ही अबंधित रक्कम याच २९ विषयांवरील स्थानिक गरजांसाठी होती. याखेरीज ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के खर्च करावा असा दंडक आहे. लहान गावात ही रक्कम थोडी असते. परंतु ढोलकी, हार्मोनियम किंवा शिकवणाऱ्या वृद्ध कलावंताचे मानधन यांनाही थोडीच रक्कम लागते. ती या शीर्षांखाली बसते का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) आधी लेखी विचारून घ्यावे.

वर्गणीच्या मार्गात ज्यांचा आवाज दबतो त्यांना येथे निदान नियमाचा आधार मिळतो, हे मला या मार्गाचे सर्वांत मोठे बळ वाटते. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. भजनी मंडळातील बायकांनी आपली मागणी त्या सभेत ठरावरूपाने नोंदवली, तर पुढच्या सभेला ती टाळणे कठीण जाते. गडचिरोलीत तर याहून पुढचे उदाहरण आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि बांबूच्या विक्रीतून ग्रामसभेचा स्वतःचा निधी उभा राहिला. जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा आज तेंदू आणि बांबू यांचे व्यवहार स्वतः करतात. अशा गावाला गोटुलासाठी, म्हणजे गोंड समाजाच्या तरुणांच्या सामूहिक घरासाठी, किंवा रेला या समूहनृत्याच्या वाद्यांसाठी बाहेर हात पसरण्याची गरज नाही. ठराव आणि निधी दोन्ही एकाच सभेच्या हाती आहेत.

या मार्गाची उणीव अशी की पंचायतीची सवय बांधकामाची आहे. सांस्कृतिक सभागृहासाठी पैसा मंजूर होतो, पण त्या सभागृहात सराव करणाऱ्यांच्या चहापाण्याला आणि शिकवणाऱ्याच्या प्रवासाला शीर्ष सापडत नाही. सरपंच बदलला की उपक्रम थांबण्याचा धोकाही असतो.

शासकीय अनुदानाची रक्कम मोठी आहे. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या कला संस्कृती विकास योजनेत सांस्कृतिक कार्यक्रम व निर्मितीसाठी साधारणपणे पाच लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. मात्र त्यासाठी किमान तीन वर्षांची नोंदणीकृत संस्था, लेखापरीक्षित हिशेब आणि खर्च झाल्यावरचे उपयोगिता प्रमाणपत्र लागते. रक्कम हप्त्यांनी येते, म्हणजे कार्यक्रमाच्या वेळी मंडळाला आपल्या खिशातून किंवा उसनवारीने खर्च करावा लागतो. झाडीपट्टीचा हंगाम संपतो तोच सरकारी आर्थिक वर्षही संपते, आणि त्यामुळे हंगामाचा पैसा हंगाम उलटल्यावर मिळण्याची भीती कायम राहते. नागपूरचे दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र १९८६ पासून लोककलावंतांना महोत्सवांत बोलावते आणि गुरु-शिष्य परंपरेची योजना चालवते. त्यातून कलावंताची प्रतिष्ठा वाढते आणि ते मोलाचेच आहे. परंतु दंडार नागपूरच्या मंचावर झाली म्हणून गावातील मुले ती शिकतील असे नाही. गुरु-शिष्य योजनेचा भाग मात्र गावात रुजवता येतो आणि वृद्ध गुरू असलेल्या गावाने त्यासाठी अवश्य प्रयत्न करावा.

कंपन्यांच्या निधीबद्दल थोडक्यात सांगता येईल. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावे लागतात. अनुसूची सातमध्ये पारंपरिक कला व सार्वजनिक ग्रंथालये यांचा समावेश आहे, आणि कंपनीने आपल्या कार्यक्षेत्राला प्राधान्य द्यावे असेही कायदा सांगतो. नेमकी येथेच विषमता येते. चंद्रपूर, वणी, उमरेड या कोळसापट्ट्यात वेस्टर्न कोलफिल्ड्स आहे, भंडाऱ्याच्या मॅंगनीज खाणींत मॉइल आहे. पण वाशीम किंवा मेळघाटातील मंडळाने कोणाचे दार ठोठवायचे? संस्थेला आयकर विभागाकडील, १२अ व ८०ग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, नोंदण्या आणि सीएसआर निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ ही नोंदणीही लागते. विषयाचे स्वातंत्र्य हा आणखी नाजूक मुद्दा आहे. खाणीमुळे विस्थापित झालेल्या गावाला आपल्या विस्थापनावर नाटक करायचे असेल, तर त्याने खाणीच्या पैशावर अवलंबून राहू नये. वाद्ये, ध्वनियंत्रणा, ग्रंथालयाची कपाटे अशा एकदाच घ्यायच्या वस्तूंसाठी मात्र हा निधी उत्तम आहे.

म्हणून पूर्व विदर्भातील गावाने प्रयोगाचा खर्च तिकिटावर आणि वर्गणीवरच चालवावा, आणि उरलेल्या रकमेतील ठरावीक हिस्सा वस्तीतील व महिलांच्या उपक्रमांसाठी राखून ठेवण्याचा ठराव मंडळाने आधीच लिहून घ्यावा. वनहक्क असलेल्या गावाने ग्रामसभेचाच निधी वापरावा. बुलढाणा, वाशीम, अकोला, यवतमाळ या बाजूला, जेथे तिकिटाच्या नाटकाची अशी सवय नाही, तेथे पहिले वर्ष ग्रामपंचायतीच्या छोट्या तरतुदीवर काढावे, त्याच वर्षी संस्थेची नोंदणी करून हिशेब लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यायला सुरुवात करावी, म्हणजे तीन वर्षांनी केंद्राच्या अनुदानासाठी अर्ज करता येईल. पुढील वर्षाचा आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून आकार घेऊ लागतो; त्यामुळे मागणीचा ठराव, अंदाजपत्रक आणि शिकवणाऱ्या कलावंताचे संमतीपत्र ही तीन कागदपत्रे सप्टेंबरमध्येच, महिलांच्या सभेपूर्वी, तयार असली पाहिजेत.