कटआउट आपल्याच मोल्ड रूममध्ये ओतायला घेतले, त्याला आठ महिने झाले

किनाऱ्यावरच्या आमच्या छोट्या कॅन्सर केंद्रात लिनॅक, म्हणजे किरणोपचाराचं यंत्र, होता, पण साचे ओतायची मोल्ड रूम नव्हती. इलेक्ट्रॉन किरणांना गाठीचा आकार देणारे धातूचे कटआउट घाटावरून बनून यायचे. करूळ किंवा आंबोली घाटात दरड आली की खोकं तिकडेच अडकायचं. केलॉइड, म्हणजे जखमेच्या व्रणावर वाढणारी जाड गाठ, कापल्यावर सहसा 24 तासांच्या आत किरण द्यायचे असतात, तिथे एवढं थांबणं शक्यच नसतं. शेवटी गेल्या नोव्हेंबरात धातू वितळवायला मेल्टिंग पॉट आणि थर्माकोलचा साचा कापायला गरम तारेचा कटर घेतला.

धातू म्हणजे सेरोबेंड : 50 टक्के बिस्मथ, 26.7 टक्के शिसं, 13.3 टक्के कथील, 10 टक्के कॅडमियम. वितळतो 70 अंशांना, म्हणून हाताळायला सोपा वाटतो. त्या सोपेपणावर विसंबू नका. शिसं आणि कॅडमियम दोन्ही विषारी. पॉटच्या आधी एक्झॉस्ट बसवा, हातमोजे घाला, त्या खोलीत चहासुद्धा नको. जाडीचा हिशेब सरळ आहे : किरणांची ऊर्जा जितके एमईव्ही (ऊर्जेचं एकक), त्याच्या निम्मे मिलिमीटर शिसं, सेरोबेंड त्याहून वीस टक्के जास्त. आम्ही सरसकट 15 मिलिमीटर ओततो, 12 एमईव्हीला ते भरपूर होतं.

पाऊस लागला आणि पहिला फटका बसला. साचा दमट राहिला होता. वरून कटआउट आरशासारखा गुळगुळीत, पण उलटा केला तर कडेला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. एक्स-रे काढला तेव्हा आतही पोकळ्या दिसल्या. लगेच परत वितळवला. आता साचे रात्रभर कंट्रोल रूमच्या एसीत ठेवतो आणि प्रत्येक कटआउटचा एक्स-रे काढतो. दुसरी चूक माझी स्वतःची. थर्माकोल पालथा ठेवला आणि डाव्या कानामागचा आकार उजव्याचा झाला. कातडीवरच्या पेनाच्या खुणेशी लाइट फील्ड, म्हणजे कटआउटमधून पडणारा यंत्राचा उजेड, जुळेना, म्हणून वेळीच कळलं. तेव्हापासून ओतायच्या आधीच थर्माकोलवर 'डोकं' आणि 'पाय' लिहितो.

पण सगळ्यात जास्त शिकवलं ते अंतराने. आमच्या यंत्रात अप्लिकेटरचं, म्हणजे कटआउट बसवायच्या नळकांड्याचं, तोंड आणि कातडी यांत 5 सेंटीमीटर हवा असते. मानेच्या गाठीला 9 एमईव्ही देताना खांदा आडवा येतो, मग अप्लिकेटर मागे घ्यावा लागतो. एकच कटआउट 5 आणि 10 सेंटीमीटरवर ठेवून फिल्म काढल्या. पहिलीची कड रेखीव होती, दुसरीची पावसात भिजलेल्या शाईसारखी फुटलेली. कटआउट तोच, कापही तोच. मधल्या हवेने इलेक्ट्रॉन विखुरले. आता अशा वेळी आम्ही शिशाचा पत्रा कापून थेट मानेवर ठेवतो. एका आजोबांनी विचारलं, "सर, ह्यां अंगार पडाचां नाय मा?" त्यांचा हात धरून पत्र्याची पट्टी घट्ट बांधून दाखवली, तेव्हा ते निवांत झाले.

प्रोटॉनची गोष्ट यापासून फार लांब नाही. आमच्या रुग्णांचे नातेवाईक खारघरच्या टाटा कॅन्सर केंद्राबद्दल हमखास विचारतात. तिथे 2023 पासून प्रोटॉन उपचार होतात. 230 एमईव्हीचा प्रोटॉन पाण्यात सुमारे 33 सेंटीमीटर जाऊन थांबतो, 70 एमईव्हीचा 4 सेंटीमीटर. त्याहून उथळ गाठीसाठी वाटेत प्लास्टिकची जाड पाटी, म्हणजे रेंज शिफ्टर, ठेवतात. पाटीत किरण विखुरतो आणि पुढच्या हवेत किरणाचा ठिपका फुगत जातो. म्हणून पाटी आणि कड रेखणारं पितळी अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रोटॉनचा कटआउट, रुग्णाच्या जमेल तितकं जवळ आणतात. वापरलेलं पितळ काही काळ किरणोत्सारी राहतं, त्यामुळे ते लगेच भट्टीत जात नाही. आमच्या सेरोबेंडला तो प्रश्न नाही, उपचार संपले की त्याच आठवड्यात परत पॉटमध्ये.

लहान आकाराबद्दल मात्र बजावून सांगतो. 9 एमईव्हीच्या इलेक्ट्रॉनची पोहोच साधारण साडेचार सेंटीमीटर. कटआउटची रुंदी त्याहून कमी झाली की कडेकडून मध्ये येणारे इलेक्ट्रॉन कमी पडतात, आउटपुट, म्हणजे यंत्रातून मिळणारा डोस, घसरतं, आणि सर्वांत जास्त डोसाची जागाही कातडीकडे सरकते. नेहमीच्या कोष्टकातला डोसाचा आकडा तिथे चालत नाही. तीन सेंटीमीटरचा कटआउट असेल तर आम्ही तो लावूनच मोजतो, रात्री आठ वाजले तरी.

मागच्या आठवड्यात आंबोलीत दरड होती. सकाळी केलॉइड निघाला, दुपारी कटआउट ओतला, संध्याकाळी मुलीला पहिला डोस दिला.