जुना बाजार, पुणे : बेवारस अल्बम आणि नाव घातलेली भांडी शोधायला कसा आहे?

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारावर लिहिणारे बहुतेक जण ग्रामोफोन, घड्याळं आणि नाणी यांतच रमतात. इथे प्रश्न वेगळा आहे. कुणाच्या तरी माळ्यावरून भंगारात गेलेले फोटो, आहेरातली भांडी, आजोबांची पदकं शोधून ती त्या घरच्यांपर्यंत पोचवायची असतील, तर बुधवारी आणि रविवारी भरणारा हा बाजार कितपत कामाचा? माल उत्तम. माहिती जवळजवळ शून्य. आणि जी काही मिळेल ती खरेदीच्या वेळीच मिळते, नंतर नाही.

वाडा पाडायला निघाला की माळ्यावरचं सगळं एकगठ्ठा जातं आणि बाजारात मांडलं जाईपर्यंत फुटतं. पितळ वजनावर एकीकडे, फ्रेमची लाकडं आणि काच दुसरीकडे, तिकिटं लावलेली पाकिटं संग्राहकांकडे. अल्बमातले चांगले फोटो सोडवून सुटे विकले जातात, उरलेले रद्दीत. म्हणून घ्यायचं तर गठ्ठा घ्यावा. नथ घातलेल्या बाईचा एकच देखणा फोटो घेऊन काही साधत नाही. त्याच पिशवीतली लग्नपत्रिका, आंतरदेशीय पत्र, विजेचं बिल किंवा रेशनकार्ड माणसापर्यंत नेतं. ‘केवढ्याला?’च्या आधी ‘कुठल्या पेठेतून आलं?’ असं विचारावं. ‘कुणाच्या घरातलं?’ म्हटलं की चौकशी वाटून समोरचा गप्प होतो. पेठ मात्र सहज सांगतो. ती तिथल्या तिथे पिशवीवर लिहून ठेवावी. घासाघीस करावी, पण गठ्ठा फोडायला लावून स्वस्तात दोनच फोटो घेण्यासारखं नुकसान नाही.

आमच्या मते इथली सर्वांत भरवशाची वस्तू म्हणजे नाव घातलेलं भांडं. तांबट आळीतला गडू असो की बोहरी आळीतून घेतलेला डबा, आहेरात द्यायचा तर नाव घालून द्यायची पद्धत होती. काठाखाली किंवा बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी टोचलेली ओळ असते : नाव, गाव, तारीख. घरी आणल्यावर लगेच चिंच लावून चकचकीत करायचा मोह आवरावा. उथळ ठिपके घासून बुजतात, आणि फटींतला काळा मळच अक्षरं वाचायला मदत करतो. आधी ओळीवर पातळ ट्रेसिंग पेपर चिकटपट्टीनं धरून मऊ पेन्सिल आडवी फिरवावी, अक्षरं उमटतात. मग खोली अंधारी करून मोबाईलचा टॉर्च अगदी बाजूनं, भांड्याला जवळजवळ टेकवून धरावा आणि फोटो काढावा.

वाचताना हमखास होणारी चूक अशी, की टोचलेलं नाव मालकाचं समजलं जातं. आहेराच्या भांड्यावर बऱ्याचदा देणाऱ्याचं नाव असतं. ‘सप्रेम भेट’, ‘यांजकडून’ असं काही असेल तर ते भांडं त्या नावाच्या घरात कधी राहिलेलंच नसेल. तरी तोही धागाच : देणाऱ्याच्या घरच्यांना त्या तारखेला कुणाचं लग्न होतं हे आठवण्याची शक्यता असते. तारीख शकात असेल तर ७८ मिळवावेत, आणि जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंतची असेल तर ७९. शके १८७२ म्हणजे १९५०-५१.

फोटोंच्या बाबतीत पुढची बाजू शेवटी बघावी. मागे स्टुडिओचा शिक्का, कागदाच्या कंपनीचं नाव, पेन्सिलची खूण यांपैकी काहीतरी असतं. पत्त्यात ४११०३० असं सहा आकडी पिन असेल तर शिक्का १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिन कोड तेव्हा आले. नुसतं ‘पुणे ३०’ असेल तर तो आधीचा असेलच असं नाही. ती सवय पुणेकरांनी अजून सोडलेली नाही. करवतीसारखी कड आणि काळ्या पानांवर कोपऱ्यांत बसवलेले फोटो साधारण चाळीस ते साठच्या दशकांतले. नदीकाठच्या पेठांतल्या अल्बमवर खालच्या बाजूला सरळ रेषेत पाण्याचा डाग दिसला तर १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर आठवतो, पण गळक्या छपराखालीही तसेच डाग पडतात, तेव्हा नुसत्या डागावरून साल ठरवू नये. पुरात अल्बम गमावलेल्या घरांना मात्र त्याआधीचा एखादा फोटो परत मिळणं फार मोठं असतं.

शाळेच्या वर्गाचा फोटो दिसला तर सोडू नये. पुठ्ठ्यावर शाळा, इयत्ता, साल आणि ‘बसलेले, डावीकडून’ अशी नावांची रांगच छापलेली असते. लग्नाच्या फोटोत नवरानवरीच्या मागे थर्मोकोलची अक्षरं असतात, पण नुसती पहिली नावं. त्यात लग्नात मुलीचं नाव बदललं जाई. एका फोटोमागची कु. सुमन आणि दुसऱ्यामागची सौ. सुनंदा एकच असू शकते.

चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नयेत. तसाच पानासकट स्कॅन करावा, काढायचाच असेल तर दात साफ करायचा दोरा पानालगत करवतीसारखा हळू सरकवावा. काचेला चिकटलेला फोटो काचेसकटच स्कॅन करावा. बाजार उघड्यावर असल्यानं पावसाळ्यात ओले गठ्ठेही मिळतात. एकमेकांना चिकटलेले फोटो तसेच वाळू दिले तर कायमचे गेले. लगेच वेळ नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावेत. स्कॅन ६०० डीपीआयला, दोन्ही बाजूंचं. मागे आपला क्रमांक मऊ पेन्सिलनं, कडेला. बॉलपेन, सेलोटेप आणि लॅमिनेशन यांना थारा नको. मोबाईलवर चेहरा ‘सुधारून’ देणारी ॲप ओळख पटवण्यासाठी कुचकामी आहेत : पुसट भाग ती मनानं भरतात, आणि आजोबांच्या जागी कुणी तिसराच हसू लागतो.

शोध घेण्यात गावाचं नाव सर्वांत उपयोगी. आडनाव आणि मूळ गाव हाती असेल तर त्या घराण्याचा कुलवृत्तांत, म्हणजे वंशावळीचं पुस्तक, छापला आहे का ते जुन्या ग्रंथालयांत बघावं. ही सोय काही मोजक्या समाजांपुरतीच, आणि मुलींच्या पुढच्या पिढ्या त्यात बहुधा नसतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्यांची नावं असतात, पण कुठलं गाव कुणाकडे हे आधी शोधावं लागतं, आणि परक्या माणसाला वही उघडून दाखवावी अशी अपेक्षा धरू नये. निरोप पोचवायची विनंती करावी. शाळांचंही तेच. पत्ता मागितला तर नकार मिळेल, आणि तो योग्यच; माजी विद्यार्थ्यांच्या गटात फोटो टाकायला सांगितलं तर काम होतं. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. पलटण मराठ्यांची असेल तर मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे, तिथे लिहून बघता येतं.

फोटो समाजमाध्यमावर टाकताना मागची बाजू टाकू नये. तिथे काय लिहिलंय, किंवा अल्बमातल्या दुसऱ्या पानावर कोण आहे, हे दावा करणाऱ्यानं सांगायचं. त्याच माणसाचा आणखी एक फोटो मागावा. नुसतं ‘अगदी आमच्या काकांसारखे दिसतात’ एवढ्यावर काही देऊ नये. दोन शाखांनी हक्क सांगितला तर स्कॅन दोघांना द्यावेत आणि मूळ प्रत कुणाकडे ते त्यांनाच ठरवू द्यावं. कधी कधी घरचे ‘आम्हाला नको’ म्हणतात. कारण विचारू नये.

सोन्याचांदीच्या वाटेला इथे जाऊच नये. पावती नसते, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली गुन्हा आहे. जुन्या पोथ्या दिसल्या तर ७५ वर्षांवरच्या हस्तलिखितांना पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा लागू होऊ शकतो हे ध्यानात असू द्यावं.

रविवारी गर्दी जास्त, बुधवारी बोलायला विक्रेत्याला उसंत असते, त्यामुळे या कामाला बुधवार बरा. कापडी पिशवी, दोन जाड पुठ्ठे, रबर, बटर पेपर आणि सुटे पैसे बरोबर असावेत. हेच पुठ्ठे पुढे पाठवतानाही लागतात : दर दोन फोटोंच्या मध्ये बटर पेपर, दोन्हीकडे पुठ्ठा, बाहेरून प्लॅस्टिक, आणि स्पीड पोस्ट. पत्ता पुण्यातलाच निघाला तर आधी फोन करून गठ्ठा स्वतः नेऊन द्यावा, दुपारी एक ते चार सोडून.