ऑक्युपेशनल थेरपी निवडण्याआधी ओ-नेट इंटरेस्ट प्रोफायलर: चाळणी म्हणून ठीक, कौल म्हणून नाही

अमेरिकेच्या श्रम विभागाची ही आवड-चाचणी ‘माय नेक्स्ट मूव्ह’ या संकेतस्थळावर फुकट आहे. एकूण ६० कामं समोर येतात आणि प्रत्येकापुढे ‘अजिबात आवडणार नाही’ ते ‘खूप आवडेल’ यांपैकी एक खूण करायची असते. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंडने कामाच्या आवडींचे सहा गट पाडले, त्या प्रत्येकाला १० प्रश्न आहेत. पंधरा-वीस मिनिटांत आटोपते.

ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे आजार, दुखापत किंवा अपंगत्व असलेल्या माणसाला रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून दिलेले उपचार. तिच्यात ‘सामाजिक’ गट, म्हणजे लोकांना मदत करण्याची, शिकवण्याची आवड, सगळ्यात वर असतो. पण फिजिओथेरपी, स्पीच थेरपी आणि नर्सिंगचंही तेच. त्यामुळे सामाजिक गुण भरपूर पडले, तरी यातलं नेमकं कुठलं क्षेत्र धरायचं हे चाचणी सांगत नाही. पुनर्वसनाच्या थेरपीचं थेट नाव घेणारा प्रश्न साठात जेमतेम एक.

मोठी फसगत निकालाच्या पानावर होते. तिथे किती शिक्षण-तयारी करणार, याची १ ते ५ पातळी निवडावी लागते. अमेरिकेत या व्यवसायात शिरायला पदव्युत्तर शिक्षण लागतं, म्हणून थेरपिस्ट पाचव्या पातळीत आहे आणि थेरपी असिस्टंट तिसऱ्या. बऱ्याच देशांत पदवीवर काम करता येतं. तिथला विद्यार्थी साहजिकच चौथी पातळी निवडतो, यादीत ऑक्युपेशनल थेरपिस्ट दिसत नाही आणि ‘आपल्याला जमणारं नाही’ असं समजून बसतो. पातळी बदलून यादी पुन्हा बघा.

प्रश्न आवडीचे आहेत, सोसण्याचे नाहीत. शिक्षण आणि पैसा बाजूला ठेवून उत्तरं द्या, असं चाचणीच सांगते. ‘लोकांना मदत करायला आवडेल का’ याला हो म्हणायला काही लागत नाही. पण अर्धांगवायू झालेल्या माणसाला सदरा घालायला शिकवताना लुळा हात आधी बाहीत जातो, चांगला नंतर. काढताना बरोबर उलट. बाही कोपराशी अडकते, पेशंट वैतागतो, नातेवाईक घड्याळ बघतात, आणि थेरपिस्टने मदतीचा हात मुद्दाम आखडता घ्यायचा असतो. पटकन सदरा चढवून मोकळं होणाऱ्या मायाळू माणसाला इथे सामाजिक गटात भरघोस गुण पडतील आणि कामात मात्र तो अडेल. संडासला नेणं-आणणं, खुर्चीतून पलंगावर हलवणं, प्रत्येक सत्राची नोंद लिहिणं, यांबद्दल तर चाचणी चकार शब्द विचारत नाही.

‘वास्तववादी’, म्हणजे हातांनी करायच्या कामांच्या गटात कमी गुण पडले म्हणून घाबरू नका. तिथे फरशी बसवणं, स्वयंपाकघरातली कपाटं बनवणं असले प्रश्न आहेत. गरम पाण्यात मऊ केलेली थर्मोप्लास्टिकची शीट गार व्हायच्या आत आधाराची पट्टी (स्प्लिंट) म्हणून मनगटावर बसवणं हे हस्तकौशल्य त्यांवरून जोखता येत नाही.

चाचणीनंतर परवानगी काढून रुग्णालयाच्या ऑक्युपेशनल थेरपी विभागात काम बघायला बसा. एकच दिवस नको, आणि एकाच प्रकारचा विभाग नको: लहान मुलांचा, हाताच्या दुखापतींचा, मानसिक आरोग्याचा, असे निदान दोन. ऑक्युपेशनल थेरपिस्टांच्या जागतिक महासंघाच्या किमान निकषांनुसार अभ्यासक्रमातच १००० तास प्रत्यक्ष काम करावं लागतं. त्यातले थोडे आधीच डोळ्यांखालून घालणं स्वस्तात पडतं. बघताना पेशंटकडे कमी, थेरपिस्टच्या हातांकडे आणि नोंदवहीकडे जास्त लक्ष द्या.

पाचापैकी अडीच तारे. ‘सामाजिक’ गट तळाला गेला तर थांबून विचार करायला लावते, तेवढ्याचे हे गुण.