रिले अस्सल होता, म्हणूनच फसलो

भोसरीत आमचं प्लास्टिक ग्राइंडिंगचं छोटं युनिट आहे. गेल्या वर्षी २० एचपीच्या ग्राइंडरला नवं पॅनल करून घेतलं. कोटेशनमध्ये होतं: ड्युअल चॅनल सेफ्टी रिले, पॉवरला दोन कॉन्टॅक्टर सिरीजमध्ये, दोन्हींचा फीडबॅक रिलेला. म्हणजे इमर्जन्सी बटणाचा सिग्नल दोन वेगळ्या वाटांनी घेणारा रिले, मोटरची वीज जोडणारे-तोडणारे दोन मोठे स्विच (कॉन्टॅक्टर) एकामागे एक, आणि ते खरंच सुटले की नाही याची रिलेला खबर. साध्या पॅनलपेक्षा २५ हजार जास्त. ब्लेडपाशी पोरं काम करतात, म्हणून घासाघीस केली नाही.

रिलेचा सिरियल नंबर मी कंपनीकडून पडताळून घेतला. अस्सल निघाला! लाल मशरूम, म्हणजे इमर्जन्सी स्टॉपचं बटण, दाबलं की दोन्ही कॉन्टॅक्टर टक्‌कन सुटायचे, मोटर बंद. उरलेले पैसे त्याच संध्याकाळी पाठवले.

सात महिन्यांनी एका दुपारी माल अडकला, ऑपरेटरने मशरूम दाबलं आणि मोटर फिरतच राहिली. सुपरवायझरने धावत जाऊन मेन स्विच पाडला. कुणाचा हात आत नव्हता, एवढंच नशीब.

पहिल्या कॉन्टॅक्टरचे कॉन्टॅक्ट वेल्ड झाले होते, म्हणजे एकमेकांना चिकटून बसले होते. होतात कधीतरी, दुसरा त्यासाठीच असतो ना? आमच्या वायरमनने डक्टचं, म्हणजे पॅनलमधल्या वायरी झाकणाऱ्या पट्टीचं, झाकण काढलं. दुसऱ्या कॉन्टॅक्टरच्या सहाही जाड वायरी डक्टात शिरून वीतभर पुढे काळ्या टेपात गुंडाळून संपल्या होत्या. मोटरची लाइन पहिल्यावरूनच थेट गेलेली. दुसरा नुसता वाजायला बसवला होता! फीडबॅकच्या टर्मिनलवर बोटभर वायरचा जंपर, म्हणजे टर्मिनल थेट जोडून रिलेला कायम 'सगळं ठीक' दाखवणारी वायर. मशरूमच्या मागे दोनऐवजी एकच एनसी ब्लॉक (बटण दाबल्यावर तुटणारा कॉन्टॅक्ट), रिले सिंगल चॅनलवर जोडलेला. तसाही तो मुकाट चालतो.

पॅनलवाल्याला फोन केला. म्हणाला, "साहेब, सात महिने चाललं ना?" कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवरचं, बिनसहीचं. बिलावर फक्त 'कंट्रोल पॅनल, १ नग'.

पैसे देण्याआधी एवढं करा. मेन बंद करून कुलूप लावा, सप्लाय नाही हे मीटरने बघा. मग एकच कॉन्टॅक्टर हाताने दाबून धरा आणि एकेका फेजची इनकमिंगपासून मोटरच्या टर्मिनलपर्यंत कंटिन्युइटी (वाट जोडलेली आहे का ते) मीटरने तपासा. बीप आला तर दुसरा शोभेचा. तसंच दुसरा दाबूनही बघा. फीडबॅकसाठी मोटरची केबल सोडवून ठेवा, कॉन्टॅक्टरकडून येणारी फीडबॅकची वायर काढा, मग सप्लाय देऊन रिसेट दाबा. रिले पिकअप (चालू) झाला तर कुठेतरी जंपर आहे. हे काम जाणकार वायरमनकडूनच करून घ्या.

नवं पॅनल दुसऱ्याकडून केलं. ड्रॉइंग आधी सहीनिशी घेतलं, आणि माझी तपासणी होईपर्यंत डक्टची झाकणं लावू दिली नाहीत.